डिस्कवर जागा दिसायलीय, मग भरता कामून येत नाही? फाईल सिस्टिमचा हिशोब

परभणीच्या एका फोटो स्टुडिओवाल्या भावानं तीन गोष्टी विचारल्यात. एक, लग्नाच्या शूटिंगसाठी ४ टीबीची नवी हार्डडिस्क घेतली पण पार्टिशन २०४८ जीबीच्या पुढं सरकत नाही, उरलेली जागा डिस्क मॅनेजमेंटमधे काळ्या पट्टीत अनअलोकेटेड म्हणून पडलीय आणि तिच्यावर राईट क्लिक केलं तर ऑप्शन पुसट. दुसरं, ३२ जीबीच्या पेनड्राईव्हवर २० जीबी मोकळे असूनबी ६ जीबीचा व्हिडिओ जात नाही, फाईल फार मोठी आहे म्हणतंय. तिसरं, जुन्या डिस्कवरून ३०० जीबी डिलीट केलं आणि फ्री स्पेस होती तेवढीच. वरून विचारतेत की ही जागा मोजतं तरी कोण, आणि लिमिट डिस्कची असते का विंडोजची.

भाऊ, जागा मोजत कुणीच नाही, वहीत बघून सांगतेत. आणि लिमिट पण त्या वहीचीच असते.

मोंढ्यातल्या गोडाऊनचं बघा. आत खण पाडलेले असतेत, ट्रॅक्टर आला की मुनीम काय आत जाऊन खण मोजत बसत नाही, वही उघडतो, कोणता खण रिकामा लिहिलाय ते बघतो आणि हमालाला नंबर सांगतो. फाईल सिस्टिम म्हणजे ती वही. वहीत रिकामा लिहिला की खण रिकामा, आत पोती असली तरी. आणि वहीच्या रकान्यात खणाचा नंबर लिहायला जेवढे आकडे मावतेत तेवढेच खण वापरता येतेत, मागं गोडाऊन कितीबी वाढवा. मग जागा वाढवायची तर दोनच रस्ते, रकाना रुंद करा नाहीतर खणच मोठे पाडा. कॉम्प्युटरच्या जगात डिस्कच्या साईझचं आजपर्यंत जे जे लफडं झालंय ते सगळं या दोन रस्त्यांवरचंच आहे. या खणाला विंडोजवाले क्लस्टर म्हणतेत, लिनक्सवाले ब्लॉक म्हणतेत, आणि डिस्कचा स्वतःचा सगळ्यात छोटा तुकडा म्हणजे सेक्टर, जो वर्षानुवर्षं ५१२ बाईटचा होता, आता आतून ४०९६ चा असतो पण बऱ्याच डिस्का बाहेर ५१२ च सांगतेत.

आता पहिला प्रश्न. तुमची २०४८ जीबीची अडचण फाईल सिस्टिमच्याबी आधीची आहे, पार्टिशन टेबलची. डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमधे एमबीआर नावाचं हे टेबल असतंय, त्यात पार्टिशन कुठून सुरू होतं आणि किती सेक्टरचं आहे हे लिहायला प्रत्येकी ३२ बिट, म्हणजे ० नाहीतर १ चे ३२ आकडे, ठेवलेत. ही पद्धत १९८३ च्या पीसी डॉस २.० पासूनची आहे, तेव्हा १० एमबीची हार्डडिस्क म्हणजे लई मोठी गोष्ट, त्यामुळं ३२ बिट कधी संपतील असं कुणाच्या डोक्यातबी आलं नसणार. ३२ बिटात ४२९ कोटी ४९ लाखाच्या आसपास नंबर बसतेत, गुणिले ५१२ बाईट, की झाले २ टीबी, म्हणजेच तुमचे २०४८ जीबी. त्याच्या पुढचे सेक्टर डिस्कवर आहेत पण त्यांचा नंबर लिहायला जागा नाही. याचा उपाय जीपीटी नावाचं नवं पार्टिशन टेबल, त्यात नंबर ६४ बिटचा असतो, तिथं आपल्या हयातीत अडचण येणार नाही.

आणि हो, ४ टीबीच्या डिस्कला विंडोजमधे ३.६३ टीबी दिसलं म्हणून दुकानदाराशी भांडू नका. डब्यावर १००० च्या पटीत मोजतेत, विंडोज १०२४ च्या पटीत मोजून नाव तेच लावतंय. एवढाच फरक आहे, जागा कुणी खाल्लेली नाही.

जीपीटी करायच्या आधी एक गोष्ट नीट तपासा, कारण इथं लई जण फसतेत. एकूण डिस्क किती दिसायलीय ते बघा. २०४८ जीबी आणि बाजूला अंदाजे १६७८ जीबी अनअलोकेटेड असं दिसत असलं तर फक्त एमबीआरचं काम आहे, तुमचं तेच आहे. पण पूर्ण डिस्कच जर १६७८ जीबीची दिसली तर मग एमबीआरचा दोष नाही, तुमचा डॉक नाहीतर केसिंग, म्हणजे डिस्क यूएसबीनं जोडायचा डबा, जुनं आहे, त्यातल्या चिपलाच ३२ बिटच्या पुढं मोजता येत नाही, ती २ टीबीला पोचली की परत शून्यापासून सुरू करते आणि वरचं उरलेलं तेवढं सांगते. ३ टीबीची डिस्क अशा डॉकवर ७४६ जीबी दाखवते, हा आकडा दिसला की डिस्कला हातच लावायचा नाही, आधी डॉक बदलायचा. अशा डॉकवर चुकूनबी फॉरमॅट मारू नका, २ टीबीच्या पुढं लिहायला गेलं की ते फिरून सुरुवातीच्या डेटावर लिहिलं जाऊ शकतं.

याच्या उलटं प्रकरणबी आहे. काही केसिंग डिस्कचे ५१२ चे आठ आठ सेक्टर एकत्र करून बाहेर ४०९६ चा एक सेक्टर म्हणून सांगतेत, म्हणजे एमबीआरमधेच १६ टीबीपर्यंत जाता येतं, जुन्या एक्सपीवर मोठी डिस्क चालावी म्हणून केलेली सोय. मग एखाद्या दिवशी केसिंगची पिन तुटते, माणूस डिस्क काढून सरळ मदरबोर्डच्या साटा केबलला लावतो आणि समोर येतं रॉ, म्हणजे फाईल सिस्टिम ओळखू येत नाही, फॉरमॅट करायचं का. डेटा गेलेला नसतो हो! वहीत लिहिलेले नंबर ४०९६ च्या हिशोबाचे आहेत आणि आता मोजणी ५१२ नी सुरू झाली, त्यामुळं प्रत्येक गोष्ट चुकीच्या ठिकाणी शोधली जायलीय. त्याच मॉडेलचं केसिंग आणून परत बसवलं की सगळं जागेवर दिसतं. तिथं फॉरमॅटला यस दाबलं की साधी गोष्ट अवघड होऊन बसते.

जीपीटी करायला विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधे सगळे पार्टिशन डिलीट करावे लागतेत, तेव्हाच कन्व्हर्टचा ऑप्शन चालू होतो. एमबीआर टू जीपीटी नावाचं टूल विंडोज देतंय पण ते सिस्टिम डिस्कसाठी आहे, डेटा डिस्कसाठी नाही. लिनक्समधे जीडिस्क नावाच्या टूलनं डेटा न घालवता बदलता येतं, पण बॅकअप नसताना तेबी करू नये असं माझं मत आहे आणि मी त्यावर ठाम आहे. डिस्कपार्ट या विंडोजच्या कमांड टूलमधे सगळे पार्टिशन उडवणारी क्लीन कमांड देणार असाल तर आधी लिस्ट डिस्क करून साईझवरून डिस्क ओळखा, शक्य असलं तर बाकीच्या डिस्कांचे वायर काढूनच ठेवा, कारण क्लीन कुठली डिस्क आहे हे विचारत बसत नाही.

आता पेनड्राईव्ह. ती फॅट३२ आहे. फॅट ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात साधी वही, डिस्कच्या सुरुवातीला एक लांबच लांब टेबल, प्रत्येक क्लस्टरला एक रकाना. रकान्यात शून्य असलं की क्लस्टर मोकळा, नाहीतर त्यात त्या फाईलच्या पुढच्या क्लस्टरचा नंबर. म्हणजे मोकळ्या जागेची वेगळी नोंदच नाही, तेच टेबल फाईलची साखळीबी सांगतंय आणि मोकळं काय तेबी सांगतंय. यात रकान्याची रुंदी कशी नडत गेली ते बघा. डॉसमधे सुरुवातीला पार्टिशनचे एकूण सेक्टर १६ बिटात लिहायचे, ६५,५३६ गुणिले ५१२, बसा ३२ एमबीमधे. मग ते वाढवलं तर क्लस्टरचा नंबर १६ बिटचा, म्हणून फॅट१६, ३२ केबीचा क्लस्टर धरला तरी २ जीबीवर थांबलं. १९९६ मधे विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर फॅट३२ आलं, त्यात नाव ३२ असलं तरी क्लस्टर नंबरला २८ च बिट वापरतेत, तरी २६ कोटीच्या वर क्लस्टर झाले. पण पार्टिशनच्या एकूण सेक्टरचा आकडा ३२ बिटचाच राहिला, म्हणून परत २ टीबी. आणि प्रत्येक फाईलची साईझ लिहायलाबी ३२ बिटच, म्हणून एक फाईल ४ जीबीला एक बाईट कमी एवढीच होऊ शकते. तुमचा ६ जीबीचा व्हिडिओ इथं अडतोय, जागेचा काही संबंध नाही. कॅमेऱ्यात ३२ जीबीच्या कार्डवर मोठ्या शॉटचे ४-४ जीबीचे तुकडे पडतेत ना, ते याच्यामुळंच, कॅमेरा बिघडलेला नसतो.

उपाय म्हणजे पेनड्राईव्ह एक्सफॅट या नव्या फाईल सिस्टिममधे फॉरमॅट करा, एक्सफॅट २००६ पासून आहे, ६४ जीबी आणि वरच्या एसडी कार्डात तेच असतंय. पण ज्याला व्हिडिओ द्यायचाय त्याच्या टीव्हीला एक्सफॅट वाचता येतं का ते विचारा, गावाकडं जुने टीव्ही, गाडीतले स्टिरिओ, डीजेवाल्यांचे मिक्सर असे लई आहेत ज्यांना फक्त फॅट३२ कळतंय, त्यांच्यासाठी व्हिडिओचेच ४ जीबीच्या आतले भाग करून द्या. दुसरी एक गोष्ट लोक कायम विचारतेत म्हणून सांगून टाकतो, विंडोज ३२ जीबीच्या वरच्या पेनड्राईव्हला फॅट३२ चा ऑप्शन देत नाही, ती फॅट३२ ची मर्यादा नाही, विंडोजच्या फॉरमॅट करायच्या टूलमधे घातलेली मर्यादा आहे. दुसऱ्या टूलनं केलं तर तेच विंडोज मोठं फॅट३२ निवांत वाचतंय, आणि ऑगस्ट २०२४ मधे विंडोज ११ च्या एका चाचणी आवृत्तीत कमांड लाईनवरून ही हद्द २ टीबीपर्यंत वाढवलीय.

फॅट३२ मधे मोकळी जागा सांगायची तर खरं म्हणजे पूर्ण टेबल वाचून शून्यं मोजावी लागतेत. २ टीबीला ३२ केबीचे क्लस्टर धरले तर ते टेबल २५६ एमबीचं होतं, जुन्या यूएसबीवर एवढं वाचेपर्यंत माणूस उठून चहा पिऊन येईल. म्हणून एका सेक्टरमधे मोकळ्या क्लस्टरचा आकडा आधीच लिहून ठेवतेत आणि पुढं कुठून शोधायला सुरुवात करायची तेबी. हा आकडा नुसता अंदाज म्हणून धरायचा असतो. पेनड्राईव्ह कॉपी चालू असताना उपटली की टेबल एक सांगतंय आणि हा आकडा दुसरं, मग फाईली दिसतेत १० जीबीच्या आणि फ्री स्पेस काहीतरी भलतीच. चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासायचं टूल चालवलं की टेबल परत मोजून आकडा दुरुस्त होतो.

एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या फाईल सिस्टिममधे वही सुधारली. तिथं बिटमॅप नावाची लपलेली फाईल असते, प्रत्येक क्लस्टरला एकच बिट, १ म्हणजे भरलेला, ० म्हणजे मोकळा. ४ केबी क्लस्टर धरला तर १ टीबीला हा बिटमॅप फक्त ३२ एमबी होतो, मेमरीत बसतो, सलग मोकळी जागा शोधणं पटकन होतं. एक्सफॅटनं बी हाच बिटमॅप घेतला. पण इथंबी रकाना आहेच, विंडोज एनटीएफएसमधे क्लस्टरचे नंबर ३२ बिटापर्यंतच चालवतंय, म्हणून ४ केबी क्लस्टरला १६ टीबी ही हद्द. तुम्हाला १६ टीबी लांब वाटत असतील पण लातूरला क्लासेसवाल्यांकडं सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग ठेवायला रेड, म्हणजे बऱ्याच डिस्का जोडून केलेली एक मोठी डिस्क, लावतेत तिथं हे रोजचं झालंय. सुरुवातीला ८ टीबीचा व्हॉल्यूम करतेत, क्लस्टर डीफॉल्ट ४ केबी पडतो, पुढं डिस्का वाढवून रेड २४ टीबीचं होतं आणि व्हॉल्यूम एक्स्टेंड करायला गेलं की १६ वर नकार. चालू व्हॉल्यूमचा क्लस्टर विंडोजच्या स्वतःच्या साधनानं बदलत नाही, सगळा डेटा बाहेर काढून परत फॉरमॅट. म्हणून ज्या व्हॉल्यूममधे मोठ्या व्हिडिओ फाईलीच पडणार आहेत तिथं पहिल्या दिवशीच ६४ केबी क्लस्टर घ्या, हद्द २५६ टीबीवर जाते. मोठ्या क्लस्टरचा तोटा असा की १ केबीची फाईलबी पूर्ण एक क्लस्टर खाते, आणि एनटीएफएसचं कॉम्प्रेशन ४ केबीच्या वर चालत नाही. एक्सफॅटमधे ३२ जीबीच्या वर डीफॉल्ट क्लस्टरच १२८ केबी असतो, त्यावर एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या हजारो बारक्या प्रीव्ह्यू फाईली ठेवल्या की प्रॉपर्टीजमधे साईझ आणि साईझ ऑन डिस्क यात मोठा फरक दिसतो. तो फरक म्हणजे अर्धे रिकामे खण.

आता तुमचे ३०० जीबी. डिलीट म्हणजे डेटा पुसणं नाही, फाईलच्या नोंदीवर खूण करून बिटमॅपमधले बिट शून्य करणं. पण तेबी लगेच होत नाही. एक्स्टर्नल हार्डडिस्कवर डिलीट दाबलं तर फाईल त्याच डिस्कच्या रिसायकल बिनमधे जाते, म्हणजे नुसतं नाव आणि फोल्डर बदललं, बिट १ च आहेत. मॅकवर एडिटिंग करणाऱ्यांचं तर हमखास होतं, पेनड्राईव्हवरून डिलीट केलेलं लपलेल्या ट्रॅश फोल्डरात बसतं आणि मॅकचा ट्रॅश रिकामा करेपर्यंत जागा सुटत नाही, ती पेनड्राईव्ह विंडोजला लावली की रिकामी दिसते पण भरलेली असते. तिसरी शक्यता शॅडो कॉपी, म्हणजे विंडोजनं ठेवलेली जुनी प्रत, सिस्टिम रिस्टोअर चालू असलं तर जुने क्लस्टर सिस्टिम व्हॉल्यूम इन्फॉर्मेशनमधे धरून ठेवलेले असतेत, व्हीएसएस-ॲडमिन कमांडनं ते किती आहेत बघा. याच क्रमानं तपासा, बहुतेक पहिल्याच पायरीला सापडेल.

आणि उलट बाजूनं, चुकून कुणाचं लग्न डिलीट झालं असलं तर हीच गोष्ट तुम्हाला वाचवते, हार्डडिस्कवर बिट शून्य झाले तरी आत डेटा तसाच असतो. त्या क्षणी डिस्कवर एकबी फाईल लिहायची नाही, रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकायचं नाही, आणि जे निघेल ते दुसऱ्या डिस्कवर काढायचं. पण एसएसडी असलं तर भरवसा धरू नका, तिथं फाईल सिस्टिम ट्रिम म्हणून एसएसडीला कळवते की हे क्लस्टर आता लागत नाहीत, आणि एसएसडी ते आतून साफ करून टाकतं. लग्नाचं फुटेज कुणी परत शूट करू देत नाही, म्हणून डिलिव्हरी होईपर्यंत एक कॉपी हार्डडिस्कवर असलीच पाहिजे.

लिनक्सवर सर्व्हर चालवणाऱ्यांसाठी थोडं. एक्स्ट४ या लिनक्सच्या फाईल सिस्टिममधे एकच मोठा बिटमॅप नसतो, डिस्कचे गट पाडलेले असतेत, ४ केबीच्या एका ब्लॉकात ३२,७६८ बिट मावतेत म्हणून एक गट १२८ एमबीचा, फाईलचे तुकडे शक्यतो एकाच गटात राहावे म्हणून. ३२ बिट ब्लॉक नंबरमुळं एक्स्ट३ ची हद्द १६ टीबी होती, एक्स्ट४ नं नंबर ४८ बिटचा केला. ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य ॲडमिनसाठी, राखीव असते, ४ टीबीच्या नुसत्या डेटा डिस्कला हे २०० जीबी होतेत, ट्यून-टू-एफएसनं १ टक्क्यावर आणलं तरी चालतं, पण सिस्टिमच्या पार्टिशनला हात लावू नका. एक्सएफएस या लिनक्सच्या दुसऱ्या फाईल सिस्टिममधे बिटमॅपच नाही, मोकळ्या सलग तुकड्यांच्या दोन झाडासारख्या याद्या असतेत, एक जागेच्या क्रमानं, एक तुकड्याच्या साईझनं, त्यामुळं मोठा सलग तुकडा मागितला की सगळी डिस्क धुंडाळावी लागत नाही. आणि डिस्क किती भरली सांगणारी डीएफ कमांड १०० टक्के भरलं म्हणतेय पण फाईलींची साईझ मोजणारी डीयू अर्धंच दाखवतेय असं झालं की समजा कुणीतरी मोठी लॉग फाईल उडवली पण प्रोग्रामनं ती उघडून धरलीय, एलएसओएफनं तो प्रोग्राम शोधून रीस्टार्ट करा, जागा तिथंच सुटते. जागा असूनबी नवी फाईल होत नसली तर डीएफला -आय लावून आयनोड, म्हणजे फाईलींच्या नोंदीचे रकाने, बघा, एक्स्ट४ मधे त्यांची संख्या फॉरमॅटच्या वेळीच ठरते, लाखो बारक्या फाईली झाल्या की ते आधी संपतेत.

आपल्याकडं उन्हाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि फाईल लिहिताना फाईलची नोंद आणि बिटमॅप अशा दोन ठिकाणी लिहावं लागतं. एक झालं आणि लाईट गेली तर वही बिघडली. बिट १ राहिला पण मालक फाईल नाही, तर नुसती जागा अडकते, ते चालतं एकवेळ. पण फाईल आहे आणि बिट ० पडलाय, तर पुढची फाईल त्याच क्लस्टरवर लिहिली जाते आणि दोन लग्नं एकमेकात मिसळतेत. एनटीएफएस आणि एक्स्ट४ आधी जर्नलमधे, म्हणजे कच्च्या वहीत, लिहून मग वही बदलतेत म्हणून सहसा सावरतेत, एक्सफॅटला जर्नल नाही. म्हणून फक्त विंडोजवर एडिटिंग करत असाल तर तुमची ४ टीबी एनटीएफएस ठेवा, मॅकबरोबर वाटून वापरायची असली तरच एक्सफॅट, आणि कॉम्प्युटरला यूपीएस लावा. चेकडिस्क मारायच्या आधी डिस्क आवाज करतेय का, क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत सांगणाऱ्या टूलमधे कॉशन दाखवतेय का ते बघा. डिस्कच मरायला लागलेली असली तर चेकडिस्क तिला अजून दमवतं आणि वही जुळवायच्या नादात फाईली तोडून टाकतं, अशा वेळी आधी पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढायची.

शेवटचं, ऑनलाईन ३००-४०० रुपयात २ टीबीच्या पेनड्राईव्ह मिळायल्यात, त्या घेऊ नका. त्यातल्या चिपला खोटं बोलायला शिकवलेलं असतं, ती २ टीबी सांगते आणि आत ३२ जीबी असतेत, फाईल सिस्टिम चिपच्या शब्दावर विश्वास ठेवून तेवढी वही तयार करते. कॉपी होते, नाव दिसतं, साईझ बरोबर दिसते, आणि उघडायला गेलं की व्हिडिओ चालत नाही, कारण तो खण कधी नव्हताच. कोणतीबी नवी पेनड्राईव्ह किंवा कार्ड आलं की विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नाहीतर लिनक्सवर एफ-थ्री चालवा, ते पूर्ण भरून परत वाचून बघतंय. ६४ जीबीला वेळ लागतो, रात्री लावून झोपा, रिटर्नची मुदत संपायच्या आत. तुमच्या त्या ४ टीबी डिस्कलाबी जीपीटी करून झाल्यावर डेटा टाकायच्या आधी हीच टेस्ट पूर्ण भरेपर्यंत चालवा, डॉक २ टीबीच्या पुढं बरोबर लिहितोय का नाही तेबी त्यातच कळतं.